गावाचा वाडा कोणाचा?

दोस्तांनो, फ्रान्समध्ये नगरपालिकेच्या मुख्य इमारतीला काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘ओतेल द विल’! नाव ऐकून तिथे डोसा मिळेल असं मात्र समजू नका. इथे ‘ओतेल’ म्हणजे वाडा आणि ‘विल’ म्हणजे शहर. थोडक्यात, शहराचा वाडा. पॅरिसचा हा वाडा १८७१च्या बंडात जळून गेला. पण तो पुन्हा बांधला, आणि तोही बाहेरून जुन्यासारखाच दिसेल असा!

मग आपल्याकडे असा वाडा कुणाचा होता? त्यासाठी मुरुडला जाऊ या.

मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं, की समोर जंजिरा दिसतो. तट दिसतो, बुरूज दिसतात, पण दरवाजा काही सापडत नाही! होडी अगदी जवळ गेली की मगच तो दोन बुरुजांच्या आडून डोकावतो. चहूकडे शत्रू असताना सिद्दींनी इथून राज्य राखलं. शिवाजी महाराजांनी आणि संभाजीराजांनी प्रयत्न करूनही हा किल्ला पडला नाही. दाराजवळच्या दगडावर वाघासारखा प्राणी कोरलाय. त्याने हत्तींना चक्क पंजांत धरलंय! आत खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. वेढा पडला तरी तहानेने मरायला नको, नाही का?

पुढे लढाया थांबल्या आणि इंग्रजांचा अंमल आला. मग नवाबांनी १८८५च्या सुमारास मुरुडला किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर राजवाडा बांधला. घुमट, कमानी आणि समुद्राकडे बघणाऱ्या खिडक्या! किल्ला दार लपवत होता. राजवाडा मात्र लांबूनच नजरेत भरतो. भीती सरली की घराचं रूपही कसं बदलतं, बघा! हा राजवाडा खासगी आहे, तेव्हा तो बाहेरूनच पाहायचा.

१९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि नवाबांचं राज्य संपलं. आज मुरुडचा कारभार नगरपरिषद पाहते. तिच्या इमारतीला बुरूज नाहीत, दारात तोफा नाहीत. पण तिथे बसणारे लोक तुमच्या आईबाबांनी मत देऊन निवडलेले असतात. नळाला पाणी आलं नाही, रस्त्यावरचा दिवा बंद पडला, की तिथे जाऊन विचारता येतं. जंजिऱ्याच्या दाराशी उभं राहून असं विचारायची कुणाची छाती झाली असती?

तर दोस्तांनो, या रविवारी आईबाबांना घेऊन आपापल्या गावच्या नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची इमारत नीट बघून या. ती केव्हा बांधली? भिंती कशाच्या आहेत? कोनशिलेवर काय लिहिलंय? आणि मुख्य म्हणजे, दार उघडं आहे ना? कारण तो वाडा आता तुमचाच आहे!