गाडी कोणाची ते नंतर, आधी जागा कोणाची?

रत्नागिरीत राम आळी, गोखले नाका, टिळक आळी हा सगळा भाग मोटारी येण्याच्या कितीतरी आधी वसलेला. जांभ्याचा गडगा, गडग्याला लागून गटार आणि पुढे लगेच रस्ता. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे या बाजूला इमारती नव्या, पण तिथेही घरात गाड्या वाढत गेल्या तशी जागा वाढली नाही. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची त्यात भर पडते. मग फाटकासमोर कुणीतरी गाडी लावून निघून जातं, आपल्या जागेत दुसऱ्याची बाईक दिसते, आणि एकमेकांकडे आरतीला जाणारी माणसं बोलेनाशी होतात.

अशा वेळी आपण समोरच्याचा स्वभाव काढतो. ‘त्यांना सांगून काही उपयोग नाही,’ असं म्हणून एक तर सोसत राहतो, नाहीतर थेट भांडायला उतरतो. पण पार्किंगचा प्रश्न सोडवायचा तर पहिली चौकशी गाडीवाल्याची नव्हे, जागेची करावी लागते. ती जागा सार्वजनिक रस्ता आहे, सोसायटीचं आवार आहे की चार घरांची सामाईक वहिवाट? तिन्ही ठिकाणी नियम वेगळे आणि दाद मागायची कचेरीही वेगळी. एवढं नीट कळलं तर निम्मी तक्रार मार्गी लागते.

रस्त्यावरची गाडी

आधी एक साधं गणित मांडू. समजा, गल्ली सहा मीटर रुंद आहे. साधारण मोटार पावणेदोन मीटरच्या आतबाहेर रुंद असते. गटारापासून थोडं अंतर सोडून ती लावली की रस्त्याचे दोन मीटर गेले. समोरच्या बाजूला दुसऱ्याने तशीच लावली की आणखी दोन मीटर गेले. मध्ये उरले दोन. त्यातून मोटार जपून निघेल, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोठ्या वाहनाला २.६ मीटरपर्यंत रुंदी दिलेली आहे. म्हणजे अग्निशमनाचा बंब त्या गल्लीत शिरणारच नाही. त्याच गाड्या एका बाजूला ओळीने लागल्या तर चार मीटर मोकळे राहतात. समोरासमोर गाड्या लावणं किती गंभीर आहे, ते या दोन मीटरांच्या फरकात दिसतं.

वाहन चालवण्याविषयीचे केंद्र सरकारचे २०१७ चे विनियम याच कारणासाठी आहेत. पदपथावर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्याजवळ, शाळा किंवा रुग्णालयाच्या दारात आणि कुणाच्याही फाटकासमोर गाडी उभी करायला त्यात मनाई आहे. तिथे ‘नो पार्किंग’चा फलक असलाच पाहिजे असं नाही. ‘पाटी कुठे आहे?’ हा वाद फाटकासमोरच्या गाडीला लागू पडत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली तीन कलमं लक्षात ठेवावीत. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं कलम १२२ खाली येतं. मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी कलम १२७ नुसार गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून नेण्यास सांगू शकतो किंवा तिच्या चाकाला जॅमर लावू शकतो. त्याचा खर्च मालकावर. पावसाळे काढून शेवाळ धरलेली, टायर बसलेली गाडी नाक्यावर पडून असेल तर याच कलमाचा आधार घ्यावा. कलम १७७ खाली दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर १५०० पर्यंत. याशिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रार करताना फोटोत गाडीचा नंबर आणि तुमचं फाटक किंवा चौकाची खूण दोन्ही एकत्र दिसायला हवीत. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. तारीख आणि वेळ नोंदवून तो वाहतूक शाखेकडे द्यावा. राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवर नागरिकांनाही उल्लंघन कळवता येतं. रुग्णवाहिका अडली असेल तर मात्र फोटो काढत बसू नये, सरळ ११२ ला फोन करावा. रागाच्या भरात कुणाच्या टायरची हवा सोडणं, काच फोडणं किंवा रंगावर ओरखडा ओढणं कटाक्षाने टाळावं. तसं केल्यास नुकसानीचा गुन्हा आपल्यावरच दाखल होऊ शकतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

याच नियमाची दुसरी बाजूही मानली पाहिजे. फाटकातून गाडी आत-बाहेर नेण्याची वाट मोकळी मिळणं हा आपला हक्क आहे, पण कंपाउंडपुढचा सगळा रस्ता आपला नाही. तो सार्वजनिक आहे. तिथे चिरे रचणं, कुंड्या किंवा पाण्याचे ड्रम मांडून जागा राखणं हेही अतिक्रमणच, आणि ते हटवण्याचा अधिकार नगर परिषदेला आहे. एखाद्या गल्लीत एकाच बाजूला किंवा सम-विषम तारखेनुसार पार्किंग हवं असेल, तर रहिवाशांनी सह्यांचं निवेदन नगर परिषद आणि वाहतूक शाखा दोघांनाही द्यावं. अशी व्यवस्था अधिसूचना निघाल्यावरच बंधनकारक होते.

सोसायटीच्या आवारात

इथे वाहतूक पोलीस सहसा लक्ष घालत नाहीत, कारण जागा खासगी. वाद बहुतेक एका वाक्यावर अडतो: ‘मी बिल्डरला पार्किंगचे पैसे मोजलेत.’ याचं उत्तर मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यातून मिळालं. नहालचंद लालूचंद या बिल्डर कंपनीने इमारतीखालच्या खांबांमधली, म्हणजे स्टिल्टची, जागा स्वतंत्रपणे विकण्याचा हक्क सांगितला होता. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यानुसार स्टिल्ट हे गॅरेज नव्हे, ती इमारतीची सामाईक जागा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. जुन्या इमारतींतल्या वादांना हा निकाल आजही दिशा देतो.

२०१६ च्या रेरा कायद्याने उघडं पार्किंग सामाईक जागेत धरलं, त्यामुळे बिल्डरला ते विकता येत नाही. छताखालची जागा देता येते, पण तिची नोंद चोख हवी. महारेराने २०२४ मध्ये सांगितलं की अशा जागेची लांबी, रुंदी, उंची आणि ती नेमकी कुठे आहे हे वाटपपत्रात आणि विक्री करारात लिहिलं पाहिजे. ‘एक कव्हर्ड पार्किंग’ एवढ्या मोघम शब्दांवर सही करू नये. मागाहून कळतं की ती जागा दोन खांबांच्या मध्ये आहे आणि गाडीचं दारच उघडत नाही.

सोसायटी नोंदली गेल्यावर कारभार उपविधींनी चालतो. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार मोकळ्या जागांचं वाटप मागणीच्या क्रमाने होतं. गाडी असलेल्या सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं असतं. सभासदाला हक्क मिळतो तो वापराचा. ती जागा परस्पर विकता येत नाही.

तुमच्या सोसायटीत हे झालं नसेल तर एखाद्या रविवारी टेप घेऊन आवार मोजा. मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर हे माप धरा. खांब, जिन्याचं तोंड, मीटरची खोली आणि पाण्याच्या टाकीचं झाकण सोडून पट्टे आखा, त्यांना नंबर द्या. दुचाक्यांची ओळ वेगळी ठेवा. रत्नागिरीच्या पावसात उघड्यावरची प्रत्येक स्कूटर स्टिल्टखाली शिरते आणि वाटा बंद होतात, म्हणून पावसाळ्यातली मांडणी मे महिन्यातच ठरवा. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतील आणि किती दिवस, हे गणपतीच्या आधी फलकावर लिहा. हे सगळं सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. तोंडी ठरलेलं नवीन भाडेकरू आला की मोडतं.

तरीही कुणी ऐकलं नाही तर समितीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समिती दाद देत नसेल तर उपनिबंधकांकडे जावं. सभासद आणि संस्था यांच्यातला वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयात नेता येतो. इमारत सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर आधी घोषणापत्र वाचावं. कोणती जागा कोणत्या सदनिकेला जोडली आहे, ते त्यात असतं.

वाडीतली वहिवाट

जुन्या वाड्यांमध्ये तिसराच प्रकार. चार घरांना जाणारी एकच वाट, ती एखाद्याच्या मालकीच्या जमिनीतून गेलेली, आणि त्याच वाटेत आता एक मोटार उभी. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की वाट उघडपणे, हक्काने आणि अखंड २० वर्षं वापरली असेल तर तो वापर हक्क ठरू शकतो. पण हक्क ज्या स्वरूपात वापरला तेवढाच मिळतो. पायवाटेची वहिवाट दाखवून मोटार नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि गाडी उभी करण्याचा तर त्याहून नाही. मालकालाही गाडी लावून वाट अडवता येत नाही. हा वाद दिवाणी न्यायालयाचा, आणि तिथे वर्षं जातात. म्हणून जाणत्या माणसांना बसवून गाडी कुठपर्यंत लावायची ती रेघ कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे मारून घेणं सर्वांत शहाणपणाचं.

आपल्या हातात असलेलं

रत्नागिरी चढउतारांचं शहर. दुसऱ्याला ढकलता यावी म्हणून गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक न लावण्याची सवय इथे जीवघेणी ठरू शकते. चढाला तोंड असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, हँडब्रेक ओढलेला आणि चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवलेली असावीत. दुसऱ्याची गाडी अडत असेल तर तिथे लावूच नये. पाच मिनिटांसाठी लावलीच, तर काचेमागे आपला फोन नंबर ठेवावा. गाडीच्या नंबरवरून मालकाचा फोन शोधून काढणं सामान्य माणसाला जमत नाही, आणि अर्धा अधिक राग त्या असहायतेतून येतो.

जपानने १९६२ मध्येच कायदा करून मोटार घेणाऱ्याला जागेचा पुरावा देणं भाग पाडलं. ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तशा धोरणाचा विचार बोलून दाखवला. मला तो योग्य वाटतो, कारण जागेशिवाय घेतलेल्या गाडीचा भार शेवटी शेजाऱ्यावरच पडतो. पण नवी गाडी घेताना तिची जागा आधी मोजण्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत जागांचा नकाशा आणि गाड्यांची यादी हे दोनच कागद मांडा. कुणाचंही नाव न घेता वाद जागेवर आणला, तर शेजारीही त्या नकाशाकडे बघून बोलायला तयार होतो.