तुसकीझ : कझाख घरातील भरतकामाचा पडदा

मंगोलियाच्या पश्चिम टोकास बायान-उल्गी हा प्रांत आहे. तेथील बहुसंख्य लोक तुर्की भाषाकुळातील कझाख भाषा बोलतात. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कुरणांच्या शोधात अल्ताय पर्वत ओलांडून तेथे आले. उन्हाळ्यात कळप घेऊन निघालेली कुटुंबे आजही गोल तंबूत राहतात. तंबूला ते 'कीझ ऊय', म्हणजे नमद्याचे घर म्हणतात. लाकडी पट्ट्यांची घडी घालता येणारी जाळी हीच त्याची भिंत. पलंगामागे या जाळीवर भरतकामाचा जो मोठा पडदा टांगतात, तो तुसकीझ. पूर्वी तो नमद्याचाच असे. पुढे सुती कापड आणि मखमल आली, तरी नावातला 'कीझ' राहिला. पडद्याने गारठा अडतो आणि घरही शोभते.

घरात लग्न ठरले की आई, आजी किंवा स्वतः वधू हे काम हाती घेते. ते पुरे होण्यास महिनेच्या महिने लागतात. कापड चौकटीवर ताणून 'बिझ' या आकडीदार हत्याराने साखळीटाका घालतात. बिझ म्हणजे आरी. आपल्याकडील आरीकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही : आरी वरून टोचावी, खालच्या हाताने दोरा द्यावा आणि तो वर ओढून घ्यावा. नक्षीत मेंढ्याच्या शिंगाचे वळण पुनःपुन्हा येते. मेंढरांवर जगणाऱ्यांच्या भिंतीवर मेंढ्याचे शिंग शोभावे, हे स्वाभाविकच आहे.

किनार वर आणि दोन्ही बाजूंस भरलेली असते. खालची कड मात्र बहुधा अपुरी सोडतात. तो भाग अंथरुणाआड जातो, हे एक कारण. काम संपविले तर आयुष्यही संपेल, अशी समजूतही सांगितली जाते.

मला विशेष वाटते ते पडद्यावरील अक्षरांचे. साम्यवादी राजवटीच्या काळातील अनेक पडद्यांवर नाव आणि साल टाक्यांनी लिहिलेले आढळते. वसतिगृहात येताना आपल्यापैकी अनेकांनी जुन्या लुगड्यांची वाकळ सोबत आणली होती. ती शिवणाऱ्या आईचे नाव तिच्यावर कोठेच नव्हते.

आता बायान-उल्गीत जुने तुसकीझ कापून त्यांच्या पिशव्या शिवतात आणि पर्यटकांना विकतात. घराला त्यातून दोन पैसे मिळतात, म्हणून दोष कोणाला द्यावा? कात्री चालते तेव्हा नाव कोणत्या तुकड्यावर जाईल, याचा नेम नसतो.