आवाजांची बेरीज

एका शाळेच्या समूहगीताचे ध्वनिमुद्रण आम्ही संगणकावर केले होते. मुलांचा आवाज, पेटी आणि तबला वेगवेगळे मुद्रित केले. एकेक ऐकताना तिन्ही स्वच्छ होते. एकत्र केल्यावर मात्र गाण्याच्या शेवटी आवाज फाटला. उपकरणांत बिघाड नव्हता. आमचीच बेरीज चुकली होती.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विद्युत-संकेतात रूपांतर करतो आणि संगणक तो संकेत ठरावीक काळाने मोजून आकडे नोंदवतो. सीडीच्या पद्धतीत ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक आकडा −३२,७६८ ते ३२,७६७ यांच्या दरम्यान असतो. हवेत दोन ध्वनी भेटतात तेव्हा दाबातील बदलांची बेरीज होते. मिक्सिंग करताना संगणकही तेच करतो. एखाद्या क्षणी गाण्याचा आकडा ५,००० व तबल्याचा −२,००० असेल, तर मिश्रणाचा ३,०००. तबला निम्मा करायचा, तर त्याच्या आकड्यांना आधी ०.५ ने गुणायचे.

प्रतिध्वनीही बेरजेतूनच मिळतो. १७ मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला सुमारे ०.१ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ४,४१० आकडे होतात. म्हणून मूळ आवाजाची प्रत ४,४१० आकड्यांनी मागे सरकवायची, थोडी लहान करायची आणि मूळ आवाजात मिळवायची. भिंत नसताना प्रतिध्वनी ऐकू येतो!

आता आमची चूक पाहू. समजा, २५,००० आणि १५,००० एकाच क्षणी आले. बेरीज ४०,०००; पण सीडीच्या आकड्यांत ती मावत नाही, ३२,७६७ वर छाटली जाते. तरंगांचे शेंडे सपाट होतात आणि आवाज फाटतो. हल्लीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आतला हिशेब मोठ्या आकड्यांनाही सामावून घेतो, तरी शेवटची फाइल करताना ही कात्री लागतेच. नंतर आवाज कमी केला, तरी सपाट शेंडे सपाटच राहतात. आम्ही मूळ मुद्रणे पुसून टाकली होती. मुलांना पुन्हा गावे लागले. म्हणून मूळ मुद्रणे जपावीत आणि बेरजेपूर्वी प्रत्येक आवाज पुरेसा लहान करावा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका मुद्रणाची प्रत काढा आणि ‘इन्व्हर्ट’ वापरून प्रतीतील आकड्यांची चिन्हे उलटी करा. दोन्ही एकदम वाजवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारा: आवाज दुप्पट होईल की आणखी काही? उत्तर ऐकूनच ठरवू द्या.