उडदाच्या मुळांवरच्या गुलाबी गाठी



आदिवासी पाड्यांवरील शेतीला हातभार लावावा असे वाटणारे पुष्कळ जण विचारतात, "युरियाच्या दोन-चार गोण्या घेऊन दिल्या तर चालेल का?" हेतू चांगलाच असतो. परंतु उडीद, तूर, कुळीथ यांच्या शेतात युरियाची गोणी फारशी उपयोगी पडत नाही. उलट चालू असलेले काम ती बंद पाडते. हे कसे, ते समजून घेऊ या.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात खाचरात भात होतो आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, तूर, कुळीथ. पावसाळ्यात वरची माती धुऊन जाते आणि लाल, हलकी, आम्लधर्मी जमीन उरते. घरात डाळ येते ती याच जमिनीतून. उडीद बुडाला तर डाळ विकत आणावी लागते, आणि हाती पैसा नसला की मुलांच्या ताटात नुसती भाकरी उरते.

पेरणीनंतर साधारण महिन्याने उडदाचे एखादे रोप मातीसकट अलगद काढून मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवर लहान-लहान गाठी दिसतील. तो रोग नव्हे. रायझोबियम नावाच्या जीवाणूंची ती वस्ती आहे. हॉलंडचे शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये हे जीवाणू गाठींतून वेगळे काढले. हवेत ७८ टक्के नत्र असते, पण झाडाला ते तसेच घेता येत नाही. जीवाणू ते झाडाला पचेल अशा रूपात देतात आणि मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लालसर दिसले तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट दिसले तर नाही.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. एवढे आयते नत्र मिळाले की झाड जीवाणूंना पोसत नाही. गाठी कमी धरतात, पाला माजतो. शिवाय उतारावर बरेचसे नत्र पावसाच्या पाण्याबरोबर निघून जाते.

मग खत द्यायचेच नाही का? द्यायचे, पण बेताने. गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला थोडे नत्र हवे असते. साधारण शिफारस एकरी ८ ते १० किलो नत्र आणि १६ ते २० किलो स्फुरद अशी आहे. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते; म्हणजे एकराला तेवढी पुरे. स्फुरदावाचून गाठी नीट पोसत नाहीत. लाल जमिनीतील लोह ते धरून ठेवते, म्हणून स्फुरद विरघळवणारे जीवाणूही बियाण्याला लावतात.

शेणखताचे काम निराळे. एका टनात नत्र अवघे ५ किलोच्या आसपास. पण शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल टिकते, मुळांना हवा मिळते आणि जीवाणूंना अन्न मिळते. अडचण अशी की बरेचसे शेण व पालापाचोळा भाताच्या राबात जळतो, काही गोवऱ्यांत जातो. वरकस जमिनीच्या वाट्याला काही उरत नाही. कच्चे शेण टाकले तर हुमणी व तण वाढते, म्हणून खड्ड्यात पूर्ण कुजलेलेच हवे.

जीवाणूंचे २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाचे पाणी उकळून थंड करावे, त्यात पाकीट कालवून ते बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी. पाकीट उन्हात ठेवू नये, रासायनिक खतात मिसळू नये, मुदत पाहून घ्यावे. हरभऱ्याचे पाकीट उडदाला चालत नाही. ज्याचे त्याला हवे.

शेवटी काढणी. रोप मुळासकट न उपटता विळ्याने कापावे. मुळे व गाठी जमिनीतच कुजल्या की पुढच्या पिकाला त्यांचा उपयोग होतो. दाण्यांबरोबर बरेचसे नत्र घरी जाते, तेव्हा मागे राहील तेवढे मातीलाच द्यायला हवे.

म्हणून कोणी युरियाच्या गोण्यांविषयी विचारले, तर त्याला खताचा खड्डा, पेरणीआधी वेळेवर पोहोचलेले पाकीट आणि मोजून दिलेले स्फुरद यांविषयी सांगावे. आणि पुढच्या पावसाळ्यात पाड्यावर जाणे झाले, तर शेतमालकाला विचारून एक रोप काढून पाहावे. गाठ गुलाबी निघाली, तर मदत योग्य जागी पोहोचली असे समजावे.