तळ्याआधीचं गाव

केटे क्राची आज तळ्याकाठी वसलेलं दिसतं; पण गाव आधीचं आणि तळं नंतरचं. घानाच्या ओटी प्रांतातल्या या गावात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही गाठा, त्यानं तळं नसलेलं क्राची पाहिलेलं असतं. मी अक्रात नोकरी करते आणि शेतीपंपांच्या कामानिमित्त इकडे येते. आमचं स्वतःचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. जुन्या गावठाणाचा विषय निघाला की इथले म्हातारे मला परकी धरत नाहीत.

तळ्याआधी इथे व्होल्टा नदी होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या आडा गावचं मीठ होड्यांतून नदीनं वर यायचं. क्राचीपाशी नदीत धावते, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं पाणी, लागे, त्यामुळे माल इथे उतरवावाच लागे. माल उतरवायच्या त्या जागी बाजार उभा राहिला. क्राची लोकांचं मूळ गाव आणि शेजारी हौसा व्यापाऱ्यांची केटे ही पेठ, असं हे जोडगाव. उत्तरेकडच्या सालागात १८९० च्या सुमारास यादवी झाली, तेव्हा तिथले बरेच व्यापारी केटेत आले. त्यांच्याबरोबर कानोचे अलहाजी उमर हे विद्वान कवीही आले आणि १९३४ साली इथेच वारले. क्राचीकरांचं दैवत देन्ते, त्याचं ठाणं गुहेत. त्याच्या पुजाऱ्याचा शब्द दूरवर चालायचा. तेव्हा इथे सत्ता असलेल्या जर्मनांना ते खपलं नाही. १८९४ मध्ये त्यांनी पुजाऱ्याला ठार केलं. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले, इंग्रज आले. १९५६ च्या सार्वमतानं हा मुलूख गोल्ड कोस्टला जोडला गेला आणि पुढच्याच वर्षी तो घाना या नावानं स्वतंत्र झाला.

नव्या देशाला कारखाने हवे होते, कारखान्यांना वीज. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांनी अकोसोंबोला धरण बांधलं आणि १९६४ पासून पाणी अडलं. तळं पसरलं सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. सातशेच्या वर गावं आणि जवळजवळ ऐंशी हजार माणसं उठली. त्यांच्यासाठी बावन्न नवी गावठाणं वसवली. जुनं क्राचीही बुडालं. सुरुवातीच्या काळात विजेचा मोठा वाटा गेला तेमाच्या ॲल्युमिनियम कारखान्याला. तो अमेरिकी भांडवलाचा, आणि घानात बॉक्साइट असूनही त्याचा कच्चा माल मात्र परदेशातून यायचा.

पुनर्वसनाच्या घराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सरकारनं सिमेंटचा पाया घातला, वर पत्रा टाकला आणि एकच खोली भिंती घालून पुरी केली. बाकीच्या भिंती कुटुंबानं सवडीनं बांधायच्या. कागदावर हे शहाणपणाचं होतं. पण ज्याची याम कंदाची शेती बुडाली, त्यानं विटा कशातून आणायच्या?

ज्यांची शेती गेली ते खचले, आणि तळ्याकडे धावून आले ते धरणाखालच्या अंगाचे एवे जमातीचे कोळी. धरणामुळे नदीचे पूर थांबले, तसं खाली मासळीचं नि शिंपल्यांचं उत्पन्न बसलं. म्हणून ते होड्या घेऊन वर आले. तळ्याखालचं बहुतेक रान पाणी अडवण्याआधी तोडलेलंच नव्हतं. त्या झाडांचे सांगाडे आजही पाण्यात उभे आहेत. होडी त्यांवर आदळून माणसं दगावतात, जाळी अडकतात. अडकलेलं जाळं सोडवायला लहान मुलांना पाण्यात उतरवतात. त्यासाठी दूरदूरच्या गरीब घरांतून पोरं आणली जातात. माणसांच्या व्यापाराविरुद्ध २००५ साली कायदा झाला, तरी हे पुरतं थांबलेलं नाही.

मासळी धक्क्याला लागली की पुढचा कारभार बायकांचा. बाई होडीवाल्याला जाळ्यासाठी, इंजिनासाठी उचल देते आणि तो मासळी तिलाच घालतो. भाव तीच ठरवते. मी बघत होते ती बाई मातीच्या भट्टीवर जाळीच्या चौकटी एकावर एक रचत होती. खालची चौकट वर, वरची खाली, असा फेर तिनं न बोलता चालू ठेवला होता. धूर डोळ्यांत गेला तरी हात थांबत नव्हता. तिलापिया मासा मिठात मुरवून वाळवला की तो ‘कूबी’. तो आणि ही धुरावलेली मासळी पाट्या भरून दक्षिणेच्या बाजारात जाते.

धावते बुडाले तशी त्यांत वाढणारी, माणसाला आंधळं करणारी काळी माशी इथे घटली. पण काठच्या पाणगवतात गोगलगायी माजल्या आणि लघवीतून रक्त जाणारा बिल्हार्झिया पसरला.

पाऊस संपताना तळं तुडुंब असतं, मग उतरत जातं. उघड्या पडलेल्या गाळावर लोक मका, भेंडी, कलिंगड लावतात. आमच्याकडे याला गाळपेर म्हणतात. उजनीकाठी माझ्या वडिलांनी तीच केली. जमिनीचा कागद कुणाकडेच नसतो. पाणी चढण्याआधी काढलं तेवढंच आपलं. आणि पाणी चढतं ते केवळ इथल्या ढगांवर नाही. बुर्किना फासोतून येणाऱ्या नद्यांवर आणि अकोसोंबोच्या दरवाजांवर.

गाळपेर करणाऱ्या एका बाईला मी पंपाची किंमत सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘पाणी काय, आपल्या पायानं शेतात येतं. ते कधी येणार, हे आधी सांगणारं काही असेल तर दाखव.’’ माझ्याकडे तसं विकायला काही नव्हतं.