पाठ टेकली तरी लढत संपत नाही

कराटेचा काळा पट्टा कमरेला असतो, किंवा तालमीत काही वर्षं माती अंगाला लागलेली असते, आणि मग एक दिवस जुजित्सूच्या स्पर्धेत उतरावंसं वाटतं. उतरावंच. पण येताना ही मंडळी जुन्या खेळाच्या समजुतीही सोबत आणतात, आणि मार बहुतेक वेळा त्या समजुतींमुळे बसतो.

मुळात ‘जुजित्सूची स्पर्धा’ असा एकच प्रकार नाही. जुजित्सूचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे जेजेआयएफ, फायटिंग सिस्टिम नावाचा प्रकार घेतो. त्यात ठोसे-लाथाही आहेत, फेकही आहे आणि जमिनीवरची लढतही. त्याच महासंघाच्या ने-वाझा प्रकारात फक्त पकड आणि जमीन. तो ब्राझीलियन जुजित्सूच्या जवळचा. फॉर्म भरताना कशात नाव दिलंय ते नीट बघावं, कारण ने-वाझात सवयीने लाथ गेली तर थेट बाहेर.

कराटेवाल्यांचा भरवसा असा, की फायटिंग सिस्टिममध्ये ठोसे आहेत म्हणजे निम्मं काम झालंच. लढत तीन मिनिटांची. अडवता न आलेल्या, नियंत्रित ठोशाला किंवा लाथेला दोन गुण. पण समोरच्याने एकदा गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, पकडला की ठोसे बंद. तिथून फेकाफेक सुरू. जमिनीवर गेल्यावर पंधरा सेकंद दाबून ठेवलं तर दोन गुण, आणि आर्मबार (हाताचा लॉक) किंवा चोक (गळ्याची पकड) लावून टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं, तर तीन. पकड सुटली, दोघं उभे राहिले, की पुन्हा ठोसे. आणि ठोसे, फेक, जमीन या तिन्ही भागांत इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, मिळवणारा वेळ संपण्याआधीच जिंकतो. कराटेच्या कुमितेत, म्हणजे लढतीत, गुण झाला की पंच थांबवतात, त्यामुळे ठोसा लागला की मागे सरायची सवय अंगात मुरलेली. इथे कुणी थांबवत नाही. मागे सरताना कॉलर समोरच्याच्या मुठीत गेलेली असते.

पैलवानांचा गैरसमज वेगळा, आणि तो समजून घ्यायला जास्त मजा येते. ‘चीतपट करून टाकू, विषय संपला.’ पाडण्यात पैलवान सरस असतो हे खरं. ऑलिंपिक ज्यूदोत पायाला हात घालून पाडणं 2010 नंतर टप्प्याटप्प्याने बंद झालं. जुजित्सूत ते चालतं, म्हणजे दुहेरी पट काढायला मोकळीक आहे. पण ब्राझीलियन जुजित्सूत त्या सुंदर पटाचे गुण दोन. खालचा पाठीवर पडलाय, पण त्याने वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घातलाय, याला गार्ड म्हणतात, आणि तो तिथे हरलेला नाही. तिथूनच तो हाताला आर्मबार लावेल किंवा उलथवून स्वतः वर येईल. ते पाय ओलांडून बाजूला पोचलात तर तीन गुण, छातीवर बसलात तर चार. आणि प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद टिकून दाखवायचं.

खरा घोळ पैलवान खाली गेल्यावर होतो. खांदे टेकू नयेत म्हणून तो क्षणात पोटावर वळतो, छाती जमिनीला चिकटवतो. तालमीत वस्तादांनी शाबासकी दिली असती. इथे त्याने पाठ देऊन टाकलेली असते. वरचा दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवतो, चार गुण घेतो, आणि कोपर हनुवटीखाली सरकवतो. असंच पटाचंही: डोकं प्रतिस्पर्ध्याच्या कुशीबाहेर आणि मान खाली राहिली, तर गिलोटिन चोकसाठी मान आयतीच मिळते. मान वर, कान बरगड्यांना चिकटलेला, हे आठवडाभर घोटलं तरी फरक पडतो.

चोकने श्वास कोंडतो असं बहुतेकांना वाटतं, म्हणून ते दम धरून ‘सहन’ करतात. नीट बसलेला चोक गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो; साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, आणि तोवर श्वास कदाचित चालूही असतो. त्यामुळे सहन करण्यासारखं तिथे काहीच नाही. मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर थाप मारायची, हात अडकले असतील तर तोंडाने सांगायचं. सरावात टॅप न करणाऱ्याबरोबर खेळायला पुढे पुढे कुणी तयार होत नाही, हा माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा तोटा.

‘खेळ झाला म्हणजे कला पातळ झाली, खऱ्या धोकादायक डावांवर तर बंदीच आहे,’ हे पारंपरिक शाळांचं आवडतं म्हणणं. बंदी आहेच. ब्राझीलियन जुजित्सूच्या महासंघाच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या, नियमांत गी घालून टाच पिळायचा डाव कुणालाच नाही, आणि पांढऱ्या पट्ट्याला पायाचा लॉक म्हणजे फक्त सरळ घोट्याचा. पण कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोडोकान सुरू केलं तेव्हा नेमकं हेच केलं होतं. ठोसे आणि घातक डाव त्यांनी कातात, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात, ठेवले आणि उरलेले डाव विरोध करणाऱ्या माणसावर पूर्ण ताकदीने करू दिले. त्यांच्याच परंपरेतले माएदा मित्सुयो 1914 मध्ये ब्राझीलला पोचले, पुढे बेलेंमध्ये कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले, आणि ब्राझीलियन शाखा तिथून वाढली. डोळ्यात बोट घालायचा डाव वर्षानुवर्षं हवेत करणाऱ्यापेक्षा रोज नाखुश जोडीदाराला दाबून ठेवणारा मला जास्त भीतिदायक वाटतो. चाकू किंवा दोन हल्लेखोर हा प्रश्न अर्थातच वेगळा. मॅटवर त्याची तयारी होत नाही.

ऑलिंपिकचंही एकदा स्पष्ट असावं. ऑलिंपिकमध्ये ज्यूदो आहे, पहिल्यांदा 1964 च्या तोक्योत आला; जुजित्सू नाही. ते वर्ल्ड गेम्समध्ये 1997 पासून आणि आशियाई खेळांत 2018 च्या जकार्ता-पालेम्बांगपासून आहे.

राहिलं वजन. आदल्या दिवशी पाणी तोडून खालच्या गटात शिरायचा बेत आयबीजेजेएफच्या स्पर्धेत फसतो. तिथे वजन पहिल्या लढतीच्या अगदी तोंडावर होतं, तेही गी अंगात असताना. गीचं वजन दीड-दोन किलो सहज भरतं, तेव्हा गट निवडण्याआधी घरच्या काट्यावर गी घालूनच उभं राहावं.