स्टिकर नव्हे, सही!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या! पण गोष्ट घरची आहे, म्हणून मराठीतच.

आमचा भंडारा जिल्हा म्हणजे धान आणि पितळेची भांडी. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं, तेवढाच आमचा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध. दिवाळीत मी घरी माझ्या प्रोजेक्टचा वायरलेस चार्जर दाखवला. जर्मनीतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, "पन्नास नग पाठव, इथे विकतो." बाबा धानाचे पैसे घालायला तयार झाले. मी बाजारातून ‘सीई’चे स्टिकरसुद्धा आणले! सरांनी ते पाहून एवढंच विचारलं, "सही कोणाची?"

तेव्हा कळलं, सीई हे सरकारी ऑफिसातून मिळणारं सर्टिफिकेट नाही. माल नियमात बसतो, असं बनवणारा स्वतः सही करून सांगतो. मात्र त्या सहीमागे टेस्ट रिपोर्ट आणि सर्किटची फाइल लागते, ती 10 वर्षं जपावी लागते. खोक्यावर आयात करणाऱ्याचं, म्हणजे दादाचंही नाव-पत्ता हवा. चूक माझी, आणि अडकणार तोही!

टेस्ट मुख्यतः तीन. पहिली रेडिओची. ‘ची’ स्टँडर्डचा साधा चार्जर 110 ते 205 किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याच लहरींतून फोनशी बोलतो, म्हणून युरोपात तो रेडिओ उपकरण ठरतो. इतरांना त्याचा अडथळा होतो का, ते ईएन 303 417 प्रमाणे मोजतात. दुसरी सुरक्षेची. फोनखाली नाणं राहिलं तर एडी करंटने तापतं. चार्जरने ते ओळखून बंद व्हायला हवं. मी पाच रुपयांचं नाणं ठेवून पाहिलं. चार्जर चालूच राहिला, बोट भाजलं! तिसरी शिशाची. आरओएचएसची मर्यादा 0.1 टक्के, आणि आपल्या लॅबच्या 60/40 सोल्डरमध्ये शिसं 40 टक्के!

‘ची’चा लोगो हवा तर वायरलेस पॉवर कन्सॉर्टियमची परीक्षा वेगळी, अमेरिकेसाठी एफसीसीचे नियम वेगळे. भारतातून माल पाठवायला डीजीएफटीचा आयईसी नंबर लागतो, तो त्यातल्या त्यात सोपा. रेडिओच्या अडथळ्याच्या टेस्ट मुंबईत ‘समीर’सारख्या संस्थेत होतात.

पन्नास नग गेले नाहीत. बाबांचे पैसे बँकेतच आहेत, स्टिकर माझ्या ट्रंकेत. सध्या नाणं ओळखणारं सर्किट करतेय. ते जमलं, टेस्ट झाल्या, की सही करीन. मित्रांनो, तुम्हीही आधी नाणं ठेवून बघा!